ओल्या कचऱ्यातून वीज

नाशिक शहरात सकाळी घंटागाडी गल्लीत आली की लोक डबे, बादल्या घेऊन घराबाहेर येतात. काही गाड्यांवर आता घंटेऐवजी गाणे वाजते, पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते घंटागाडीच. जुन्या नाशिकातील अरुंद बोळ असो की सिडकोतील वसाहत असो, डब्यात असते ते साधारण सारखेच. मेथीचे देठ, कांद्याची टरफले, मटारच्या शेंगा, चहाचा चोथा, शिळा भात, पोळीचे तुकडे. रमजानच्या महिन्यात त्यात टरबूज, खरबूज आणि केळी यांच्या सालींची भर पडते. लग्नाची दावत झाली की उरलेल्या अन्नाची पातेलीच्या पातेली रिकामी करावी लागतात.

जे कुजते त्या कचऱ्याला आपण ओला कचरा म्हणतो. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक हा सुका कचरा. आपल्याकडील शहरांच्या कचऱ्यात वजनाने जवळजवळ निम्मा वाटा ओल्या कचऱ्याचा असतो. म्हणजे गाडीने जे ओझे रोज शहराबाहेर वाहून न्यायचे, त्यातले निम्मे आपल्या स्वयंपाकघरातून निघते.

हा कचरा गाडीतून उतरवला आणि मोठ्या ढिगात टाकून दिला, तर पुढे काय होते? वरच्या थराला हवा मिळते. आत मात्र हवा पोहोचत नाही. तेथे अन्न कुजते आणि त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. या वायूला रंग नाही, वास नाही. कचऱ्याच्या ढिगाला जो दुर्गंध येतो तो दुसऱ्या वायूंचा. मिथेन पेट घेतो, म्हणून उन्हाळ्यात कचऱ्याच्या डेपोंना आगी लागतात आणि त्या दिवस दिवस धुमसत राहतात. न जळता तो हवेत गेला तरी चांगले नाही. पृथ्वीची उष्णता अडवून धरण्याची त्याची ताकद, शंभर वर्षांच्या हिशेबाने, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. शिवाय ढिगातून काळे पाणी झिरपते. ते जमिनीत मुरून आसपासच्या विहिरी खराब करते.

परंतु जो वायू डेपोला आग लावतो तोच चुलीखालीही जळू शकतो. हे माणसाला बऱ्याच पूर्वी कळले. १७७६ साली अलेस्सांद्रो व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने माज्जोरे नावाच्या सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला. पाण्यातून बुडबुडे वर आले. ते त्याने बाटलीत पकडले आणि पेटवून पाहिले. विजेच्या दाबाचे 'व्होल्ट' हे एकक ज्याच्या नावाने आपण ओळखतो, तोच हा व्होल्टा. चिखलाखाली कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून तो वायू निघत होता.

आपल्या महाराष्ट्रातही या वायूचा उपयोग फार जुना आहे. मुंबईत माटुंगा येथे कुष्ठरोग्यांसाठी एक आश्रयस्थान होते. तेथील मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू साठवून तो वापरण्याची सोय १८९७ च्या सुमारास करण्यात आली होती. ज्या माणसांना समाजाने दूर ठेवले, त्यांच्या वस्तीत ही सोय सर्वांच्या आधी पोहोचली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी शेणावर चालणारे, तरंगत्या झाकणाचे गॅस संयंत्र तयार केले. त्यालाच आपण गोबर गॅस म्हणतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले.

आता या टाकीत नेमके काय घडते ते पाहू.

टाकी बंद असते. आत हवा जात नाही. टाकीत कोट्यवधी जीवाणू असतात. ते इतके लहान असतात की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. त्यांच्यात कामाची वाटणी असते. काही जीवाणू भात, पोळी, भाजी यांचे बारीक तुकडे करून ते पाण्यात विरघळवतात. दुसरे जीवाणू त्या विरघळलेल्या पदार्थांपासून आंबट पदार्थ, म्हणजे आम्ले तयार करतात. ताक ठेवून दिले की ते आणखी आंबट होते, तसाच काहीसा हा प्रकार आहे. शेवटचे काम मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे. ते या आम्लांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतात. या मिश्रणाला बायोगॅस म्हणतात. त्यात साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड.

या शेवटच्या कामगारांचा स्वभाव मोठा नाजूक आहे. त्यांना हवा लागली की ते मरतात. टाकी फार आंबट झाली तर ते काम थांबवतात. त्यांना ऊब हवी असते. ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमानात, म्हणजे आपल्या शरीराइतक्या उबेत, ते उत्तम काम करतात. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. अशा थंडीत उघड्यावरच्या टाकीतील गॅस निम्म्यावर आला तरी नवल नाही. टाकीत फिनेल किंवा कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी गेले, तर जे औषध घरातील जंतू मारते तेच औषध टाकीतील या उपयोगी जीवांनाही मारते.

गाईच्या पोटातही असेच सूक्ष्मजीव असतात. म्हणून नवी टाकी सुरू करताना प्रथम तिच्यात शेण कालवून घालतात. दही लावताना आपण दुधात विरजण घालतो, तसे हे शेण म्हणजे टाकीचे विरजण होय.

मग गोबर गॅसमध्ये रोज शेणच का घालायचे? हा प्रश्न पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांना पडला. ते वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नातू. त्यांनी असा विचार केला की गाय जे खाते त्यातील पचण्याजोगा भाग ती स्वतःच वापरून घेते आणि जे सहज पचत नाही ते शेणात बाहेर टाकते. मग जीवाणूंना हे उरलेसुरले देण्याऐवजी पिठाचा, साखरेचा अंश असलेले खरकटे अन्नच का देऊ नये? २००३ च्या सुमारास त्यांच्या 'आरती' या संस्थेने प्लास्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्यांपासून एक छोटे संयंत्र तयार केले. एक टाकी मोठी आणि दुसरी तिच्यात उलटी बसणारी, थोडी लहान. गॅस भरला की वरची टाकी उचलली जाते आणि वापरला की खाली बसते. हे संयंत्र गच्चीवर किंवा अंगणाच्या कोपऱ्यात मावते. या कामासाठी संस्थेला २००६ साली इंग्लंडमधील ॲशडेन पुरस्कार मिळाला. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी याच विचाराने मोठे संयंत्र उभे केले. त्याचे नाव 'निसर्गऋण'. त्यात कचरा आधी बारीक दळून, गरम पाणी मिसळून, थोडा हवेत मुरवतात आणि नंतर बंद टाकीत सोडतात.

येथे थोडा हिशेब करू. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. एक किलो ओल्या कचऱ्यापासून सुमारे १०० लिटर मिळतो. पाच माणसांच्या घरात रोज एक किलो ओला कचरा निघतो असे धरू. त्याच्या गॅसवर शेगडी पंचवीस-तीस मिनिटे चालेल. चहा होईल, भात शिजेल, पण सगळा स्वयंपाक होणार नाही. वर्षभराचा गॅस एकत्र मोजला तर तो घरगुती सिलिंडरच्या एका नगाहून थोडा अधिक भरतो. एका घरापुरता हा आकडा फार मोठा वाटत नाही, हे खरे. परंतु एक लाख घरांचा कचरा एकत्र केला तर वर्षाला लाखभर सिलिंडर होतात. म्हणूनच हे काम शहरांनी हाती घेणे अधिक फायद्याचे आहे.

नाशिक महानगरपालिकेने ते हाती घेतले. मुंबई-आग्रा महामार्गावर, पांडवलेणीच्या पुढे विल्होळी गाव लागते. त्या बाजूला महापालिकेचा खत प्रकल्प आहे. तेथे ओल्या कचऱ्यापासून वीज तयार करणारा प्रकल्प उभारण्यात आला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेने साहाय्य केले होते.

विल्होळीच्या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की त्यात दोन प्रकारची घाण एकत्र केली जाते. हॉटेले, खाणावळी यांसारख्या ठिकाणांहून येणारा १० ते १५ टन ओला कचरा ही एक. सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतून टँकरने आणलेला १० ते २० टन मैला ही दुसरी. एकूण रोज ३० टन पचवण्याची या प्रकल्पाची क्षमता ठरवण्यात आली.

हे ऐकून कोणी नाक मुरडेल. पण त्यामागे विचार आहे. खरकटे अन्न फार लवकर आंबट होते. नुसते तेच घातले तर टाकी आंबते आणि मिथेन तयार करणारे जीव थकून जातात. मैल्यात पाणी भरपूर असते, नायट्रोजन असतो आणि आंबटपणा आवरणारे पदार्थही असतात. जेवणात नुसता भात असला तर चालत नाही, सोबत डाळ लागते. तशी ही जोडी आहे. शिवाय मैल्याचा टँकर कोठेतरी नाल्यात रिकामा होण्याचा आणि तेथून ती घाण गोदावरीत जाण्याचा धोका टळतो. माझ्या मते या प्रकल्पातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे.

टाकीतून निघालेला गॅस शुद्ध करावा लागतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू थोड्या प्रमाणात असतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो याचाच. तो इंजिनाचे लोखंड खातो, म्हणून आधी काढून टाकतात. मग गॅसवर इंजिन चालते, इंजिनाने जनित्र फिरते आणि वीज तयार होते. पूर्ण क्षमतेने काम झाले तर दिवसाला सुमारे ३,३०० युनिट वीज मिळावी, अशी योजना होती. महिन्याला १०० युनिट वीज लागणारी सुमारे एक हजार घरे एवढ्या विजेवर चालतील. नाशिकसारख्या शहराला ही वीज फार नाही. खरा लाभ दुसराच आहे. तेवढा कचरा ढिगात सडत नाही आणि तेवढा मैला पाण्यात जात नाही.

'पूर्ण क्षमतेने काम झाले तर' असे वर म्हटले आहे. या 'तर' मध्येच सारी अडचण आहे. टाकी बांधता येते, इंजिन विकत आणता येते. जर्मनीहून तज्ज्ञही येतात. पण टाकीला रोज ठरल्याइतका आणि स्वच्छ ओला कचरा लागतो. स्वच्छ म्हणजे ज्यात ओल्याखेरीज दुसरे काही नाही असा. तो मिळवणे हेच अशा प्रकल्पापुढचे सर्वांत अवघड काम ठरते.

एक प्लास्टिकची पिशवी घ्या. आपण तिच्यात भाजीचे देठ भरतो, गाठ मारतो आणि डब्यात टाकतो. आपल्या दृष्टीने काम संपले. पुढे ती पिशवी यंत्रात गेली की पात्याभोवती गुंडाळली जाते. पंप अडतो. टाकीत गेली तर पाण्यावर तरंगून जाड साय धरते आणि गॅस वर येऊ देत नाही. वाळू, माती, अंड्यांची कवचे तळाशी बसतात आणि टाकीची जागा खातात. मोठी हाडे आणि नारळाच्या करवंट्या महिनोन् महिने तशाच राहतात. पेन्सिल सेल फुटला तर त्यातील विषारी धातू खतात उतरतात.

मग या वस्तू कोणीतरी वेचून काढाव्या लागतात. पट्ट्यासमोर उभे राहून कामगार ते करतात. कधी हातमोजे असतात, कधी नसतात. ओल्या भातात लपलेले ब्लेड, फुटलेल्या बांगडीची काच, औषधाची सुई दिसत नाही. हातात रुतल्यावर कळते. घरात हेच काम करायला दोन डबे आणि दिवसाचे दोन मिनिटे पुरतात. तिकडे त्यासाठी माणसाला रक्त सांडावे लागते. केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करण्याची जबाबदारी प्रत्येक घरावर टाकली, ती याच कारणाने.

हे जमते का? नाशिकहून आग्रा रोडने मालेगाव, धुळे ओलांडून पुढे गेले की इंदूर येते. तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. तेथे वीज करत नाहीत. गॅसमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतात आणि उरलेला मिथेन दाबून भरतात. हा सीएनजी शहराच्या बसगाड्यांत वापरण्यासाठी आहे. यंत्रे विल्होळीपेक्षा कितीतरी मोठी आहेत, पण इंदूरने यंत्रे आणण्याआधी काही वर्षे दुसरेच काम केले होते. घरोघरी जाऊन लोकांना वेगळे डबे ठेवायची सवय लावली होती.

गॅस निघून गेला की टाकीत पातळ गाळ उरतो. त्याला स्लरी म्हणतात. अन्नातील नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश गॅसबरोबर उडून जात नाहीत. ते या स्लरीत राहतात. म्हणून ती उत्तम खत ठरते. मात्र मैल्याची स्लरी नीट कुजवून, रोगजंतू मेल्याची खात्री करूनच शेतात घालावी लागते. त्यासाठी तिचे इतर पालापाचोळ्याबरोबर ढीग लावतात. ढीग नीट लावला तर आतील उष्णता ६० अंशांपर्यंत चढते. हात घातला तर चटका बसेल इतकी ती असते. एवढ्या उष्णतेत बहुतेक रोगजंतू टिकत नाहीत.

घरी टाकी बसवण्यास जागा नसेल तरी खत करता येते. तळाला आणि बाजूंना भोके पाडलेला जुना डबा किंवा माठ घ्यावा. तळाशी वाळका पाला घालावा. त्यावर ओला कचरा, पुन्हा पाला, असे थर द्यावेत. आठवड्यातून एक-दोनदा हलवावे. येथे हवा हवी असते, म्हणून मिथेन होत नाही आणि गॅसही मिळत नाही. मिळते ते काळे, मऊ, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचे खत. त्याला दीड-दोन महिने लागतात. वास येऊ लागला तर समजावे की पाणी जास्त झाले. मूठभर वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा घातला की तो जातो. मांस-मच्छीचे खरकटे मात्र या डब्यात घालू नये. त्याने माश्या, उंदीर आणि मांजरे जमतात. ते घंटागाडीच्या ओल्या डब्यात द्यावे.

एक सूचना महत्त्वाची आहे. गॅसची टाकी, शौचालयाची टाकी किंवा गटाराचे भुयार यांत कधीही डोकावू नये, उतरू तर मुळीच नये. आत विषारी वायू साठलेला असतो आणि प्राणवायू नसतो. अशा टाकीत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. आपल्या राज्यात अशा घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीजवळ आगकाडीही ओढू नये. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की स्फोट होऊ शकतो.

शिक्षकांच्या मदतीने तुम्हांला शाळेत एक साधा प्रयोग करता येईल. एक-एक लिटरच्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या घ्या. ताजे शेण पाण्यात कालवून दोन्ही अर्ध्या भरा. प्रत्येकीत मूठभर शिजलेला भात आणि केळीच्या सालीचे बारीक तुकडे घाला. एका बाटलीत दोन चमचे फिनेल घाला आणि तिच्यावर खूण करा. दोन्ही बाटल्यांच्या तोंडावर फुगा चढवून दोऱ्याने घट्ट बांधा. झाकण लावू नका, नाहीतर बाटली फुटेल. बाटल्या उबदार जागी, पण थेट उन्हात नाही अशा ठेवा आणि रोज पाहून वहीत नोंद करा. काही दिवसांत पहिल्या बाटलीवरचा फुगा उभा राहू लागेल. सुरुवातीच्या दिवसांत त्यात बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. मिथेन तयार होण्यास आणखी दोन-तीन आठवडे लागतात, कारण ते जीव सावकाश वाढतात. फुगा पेटवून पाहू नका. मैदानात नेऊन मोकळा सोडा. फिनेल घातलेल्या बाटलीवरचा फुगा मात्र तोपर्यंत बहुधा तसाच लोंबत राहिलेला असेल.